टर्कीवाला पाच नंबर

लेस्टर रुमावने जन्मात कधी बंदूक चालवली नव्हती, आणि मस्कतपलीकडच्या निझव्यात बंदुकीत काय भरायचं हे जो तो त्यालाच विचारायचा. यात नवल काही नाही. आपल्याकडेही स्वतः कधी बोहल्यावर न चढलेले काका गावभर लग्नं जुळवत फिरतात, आणि बरी जुळवतात.

दुकान हमूदचं. निझव्याच्या सूकमागे, म्हणजे जुन्या बाजारामागे, वळणावर. बाहेर तंबू, पाण्याच्या कॅन, गॅसच्या शेगड्या, दुर्बिणी. आत काउंटरमागे जाळीचं कुलूपबंद कपाट, आणि त्यात परवान्यावर मिळणारी बारा बोअरची काडतुसं. कपाटाची किल्ली लेस्टरच्या कमरेला. वसईजवळच्या गिरीजचा हा माणूस, बापाची केळीची वाडी भावाच्या नावे करून आधी इब्रीला हार्डवेअरच्या दुकानात आला, तिथून हमूदने त्याला उचलला. हमूद त्याचा अर्बाब, म्हणजे मालक. रुमाव हे आडनाव अर्बाबच्या जिभेवर काही बसेना, म्हणून त्याने त्याचं रूमी करून टाकलं. तेव्हापासून तो सगळ्या बाजाराचा रूमी. अरबीत टर्की कोंबड्याला 'दीक रूमी' म्हणतात, हे लेस्टरला फार पुढे कळलं. बाजार इतकी वर्षं का हसत होता, त्याचाही उलगडा तेव्हाच झाला.

चिडायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याला आपल्या कामाची घमेंड होती, आणि घमेंड असलेला माणूस बारीकसारीक चेष्टा पोटात घालतो. गिऱ्हाईक आलं की तो आधी विचारी, बंदूक कुठली. मग, मारायचं काय. मग, किती लांबून. नवशिक्यांना वाटे, नंबर मोठा म्हणजे छर्रा मोठा. इथे सगळा उलटा कारभार. आठ नंबरचा छर्रा मोहरीएवढा, पाचाचा बाजरीच्या टपोऱ्या दाण्याएवढा. मातीच्या तबकड्या फोडणाऱ्या हौशी लोकांना तो आठ नंबर देई, शेतावरच्या कावळ्यांनी जेरीस आलेल्यांना सहा. आणि काडतूस हातात देण्यापूर्वी बंदुकीच्या नळीखालचा आकडा बघितल्याशिवाय राहत नसे. नळीच्या बुडाशी काडतूस बसायची जी जागा, तिला तो घर म्हणायचा. बहुतेक जुन्या बंदुकांचं घर सत्तर मिलिमीटरचं. सत्तरच्या घरात शहात्तरचा पाहुणा घालायचा नाही, हा त्याचा मंत्र. यातली खरी मेख अशी की लांब काडतूस त्या घरात निमूट बसतं. त्याचं तोंड दुमडलेलं असतं ना! उडताना ते उलगडतं, आणि उलगडायला जागा नसली की सगळा जोर नळीच्या अंगावर येतो. नळी फाटली तर तिच्याखाली धरलेला हात जातो, आणि डोळा त्याच्या पाठोपाठ.

हे सगळं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. सांगताना जरा छातीही फुगवी. असो.

गुरुवारी संध्याकाळी खलफान आला. बहलाच्या पुढे, इब्रीच्या रस्त्यापासून आत त्याचं गाव. सत्तरी ओलांडलेला, काठीसारखा ताठ, मेंदी लावलेली दाढी. लेस्टर त्याला वालिद म्हणे, कारण बापाच्या वयाच्या माणसाला इथे तसंच म्हणतात. खलफानकडे वडिलांची बेल्जियन दुनळी बंदूक होती. तिला लेस्टरने इतक्यांदा तेल दिलं होतं, की तिच्यावरचा सत्तरचा आकडा त्याला डोळे मिटूनही बोटाने वाचता आला असता.

"रूमी," खलफान म्हणाला, "तुझ्या भावकीने माझा जीव नकोसा केलाय."

भावकी म्हणजे टर्की. खलफानच्या मुलाने मस्कतच्या हॉटेलांना विकायला म्हणून टर्की पाळल्या होत्या. कुणीतरी जाळीचं दार उघडं टाकलं आणि सगळी फौज वादीत, कोरड्या नदीच्या पात्रात, पसार झाली. आता ती रानटी झाली होती. रात्री घाफच्या झाडांवर बसत, दिवसा लसूणघास तुडवत, आणि त्यातला एक थोराड नर खलफानच्या बायकोच्या अंगावर धावून जाई.

"धरायला गेलं तर उडतात. टर्की उडते! आजवर कुणी मला हे सांगितलं नव्हतं. आता उद्या दुपार कलली की असरच्या नमाजानंतर मी वर जातो आणि बिस्मिल्ला म्हणतो. काय भरू?"

लेस्टर खुलला. टर्कीसाठी काडतूस आजवर त्याला कुणी मागितलं नव्हतं.

"छातीवर मारू नका वालिद. पिसं जाड असतात, पक्षी जखमी होऊन पळतो आणि मांसात छर्रे राहतात. डोकं आणि मान. त्याला दाट माप हवं, आणि छर्राही फार हलका नको. पाच नंबर. तुर्कीचा नवा माल कालच आलाय."

तुर्कस्तानातली ती साधी काडतुसं खलफान नेहमीच नेई. लेस्टरने कपाट उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. गिरीजहून बायको, मार्गारेट.

"ऐकता का? सॅन्ड्राच्या साखरपुड्याचा हॉल जानेवारीत नाही मिळत. फादर म्हणतात, डिसेंबरात उरकून घ्या. तुम्ही येणार ना? का मी तुमचा फोटो खुर्चीवर ठेवू?"

फोन कानाखांद्यात धरून लेस्टर "येतो गं, बोलतो अर्बाबशी" म्हणत होता, आणि हातांनी नव्या खोक्यातून दोन पाकिटं काढत होता. पाकिटावर बारा आकडा दिसला. पाच दिसला. वर पिसारा फुलवून उभी असलेली टर्की दिसली. तिला बघून खलफान एवढ्यांदा हसला की बाहेरच्या दोघांनी आत डोकावलं.

"अरे, माझ्या कोंबड्याचं चित्र काढलंय यांनी!"

"तुमच्याचसाठी बनवलंय वालिद," लेस्टरही हसून म्हणाला. आता बघा, देव किंवा दैव काय असेल ते माणसाला इशारा द्यायचा तो देतंच. याहून मोठ्या चित्रात कसा देणार? पण लेस्टरला वाटलं, तुर्की कंपनीची छाप असेल. कुणी पोपट छापतं, कुणी घोडा.

खलफान पाकिटं घेऊन गेला. बंदूक घरीच होती, आणि आकडा तर लेस्टरला पाठच होता. मग तपासायचं काय?

शुक्रवारी दुकान दुपारी चारला उघडतं. लेस्टरला खोलीवर करमेना, म्हणून तो दुपारीच येऊन कपाट लावत बसला. बाहेर जुम्म्याच्या नमाजाला लोक निघाले होते. जुन्या तुर्की काडतुसांची शेवटची काही उरली होती. ती पुढे आणि नवी मागे ठेवावी म्हणून त्याने दोन्ही काउंटरवर उभी केली.

नवी उंच होती. फार नाही, नखभर.

त्याने एक उचलून उजेडात धरलं. अंगावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. तीन इंच, मॅग्नम. तीन इंच म्हणजे शहात्तर.

त्याने आधी मस्कतला जितेशला फोन लावला. जितेश आयात करणाऱ्या कंपनीच्या गोदामावर होता, आणि ऑर्डर लेस्टरने त्यालाच तोंडी दिली होती.

"जितेशभाई, ये क्या भेजा तुमने?"

"जो बोला वही भेजा. आपने बोला, टर्कीवाला पाच नंबर. मैंने बोला, टर्कीवाला पड़ा है. एक अमेरिकन साहब ने मंगवाया था, छोड़ के चला गया. आप भी खुश, हम भी खुश."

"अरे बाबा, टर्की मतलब तुर्कस्तान का! देश, देश!"

"तो तुर्की बोलना था ना लेस्टरभाई. टर्की तो पंछी है." मग जरा थांबून जितेश म्हणाला, "किसी को दिया तो नहीं?"

लेस्टरने फोन ठेवला. आता घोडं इथेच पेंड खात होतं. अर्बाबशी बोलताना त्याच्या तोंडात तुर्की असे, जितेशशी बोलताना टर्की. एका देशाची दोन नावं त्याने दोन खिशांत ठेवली होती, आणि घाईत हात भलत्या खिशात गेला होता. इंग्रजांनी त्या पक्ष्याला तुर्कांचं नाव दिलं, अरबांनी रूमचं, म्हणजे रोमन मुलखाचं. ना तो यांचा ना त्यांचा, आणि निस्तरायचं मात्र गिरीजच्या रुमावने.

त्याने खलफानला फोन लावला. बंद. तो बंदच असणार. म्हातारा फोन बायकोच्या पेटीत ठेवायचा आणि ईदला काढायचा. आता सरळ रस्ता एकच होता. हमूदला फोन करायचा. त्याच गावात हमूदची मावशी राहत होती, तिची भिंत खलफानच्या भिंतीला लागून. हमूदने एक फोन केला असता तर म्हातारीने भिंतीवरून ओरडून सांगितलं असतं आणि काम फत्ते झालं असतं. लेस्टरला हे पक्कं माहीत होतं. त्याने हमूदचं नाव काढलंही. बोट बटणावर नेलं.

आणि मग अर्बाबचा चेहरा डोळ्यांपुढे आला. काडतुसांचा परवाना हमूदच्या नावावर होता. चुकीचं काडतूस विकलं हे कळलं तर पोलीस दुकान बंद करतील, आणि त्याआधी हमूद लेस्टरला विमानात बसवेल. साखरपुड्याला तो वेळेवर पोचेल खरा, पण परत येणार नाही. लेस्टरने बोट मागे घेतलं. असरला वेळ आहे, आपण स्वतःच जाऊ, पाकिटं उचलून आणू, ना ढोल ना ताशा. त्याने दुकानाची पिकअप काढली.

निझवा सोडेपर्यंत तो धीराचा होता. पुढे मात्र रस्ता सरेना. डावीकडे उघडे डोंगर, उजवीकडे उघडे डोंगर, आणि मध्ये एक पाण्याचा टँकर, जो ना वेग वाढवी ना बाजू देई. लेस्टर हॉर्न मारी आणि स्वतःवरच चिडे. तो मनातल्या मनात बोलणं जुळवत होता. वालिद, काडतुसं जरा वेगळी आहेत. वालिद, कंपनीने परत मागवलीत. वालिद, थांबा. प्रत्येक वाक्य तोंडात आलं की खोटं वाटे, आणि खरं वाक्य तोंडात येतच नव्हतं.

बहलाला तो पेट्रोल भरायला थांबला. पेट्रोल पुरेसं होतं. हातांना रिकामं राहवत नव्हतं म्हणून थांबला. तिथे त्याने पुन्हा हमूदचा नंबर लावला. एक रिंग गेली आणि त्याने कापला. गाडी रस्त्याला लागते न लागते तोच हमूदचा उलट फोन आला.

"रूमी, कॉल किया?"

"गलती से लग गया अर्बाब. जेब में था."

"सब ठीक?"

"सब ठीक."

"इन्शाल्ला," म्हणून हमूदने ठेवला. लेस्टरला रडू यायला लागलं, आणि रडण्याचा राग आला. आत्ता, या क्षणी, सांगून टाकायची संधी ताटात वाढून आली होती, आणि त्याने ताट सारलं. आपण भित्रे आहोत हे त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तसा प्रसंगच आला नव्हता. त्याने दिलेल्या काडतुसाने आजवर कुणाचं बोट गेलं नव्हतं, म्हणून तो शहाणा ठरला होता. त्याने गाडी अजून दामटली.

इब्रीच्या रस्त्यावरून कच्च्या वाटेला लागेपर्यंत असरची बांग होऊन गेली होती. फलजच्या पाटाशी, जिथून खजुरांची बाग सुरू होते, तिथे त्याने पिकअप सोडली. दार लावायला वळला आणि वरून, वादीच्या बाजूने, बार ऐकू आला.

एकच. डोंगराने तो परतवून दिला, मग सगळं चिडीचूप.

लेस्टर धावला. खजुरांच्या झावळ्या तोंडावर आपटत होत्या, चप्पल पाटात गेली, ती त्याने तिथेच सोडली. "वालिद! वालिद!" तो ओरडत होता. उत्तर येत नव्हतं. त्याला दिसत होता रक्ताने भिजलेला हात, दाढीवर रक्त. येशू, माझ्या येशू, म्हणत तो बांध चढला.

खलफान घाफच्या सावलीत उकिडवा बसला होता, आणि रक्त होतं ते टर्कीचं. तिचा गळा कापून झाला होता. बंदूक बुंध्याला टेकून उभी. म्हाताऱ्याने मान वर केली, आणि एवढा आनंद लेस्टरने त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"रूमी! तुझं पाऊल शुभ! बघ, एका बारात! त्या टोकापासून! इतकी वर्षं बंदूक चालवतो, पण असं काडतूस नाही पाहिलं. खांदा हलवून टाकला!" त्याने खांदा चोळला आणि पोरासारखा हसला. "बस. अनवाणी का? बस, बस."

लेस्टर बसला. खलफानने हात धुतले, चटईवर खजूर ठेवले, थर्मासमधून छोट्या कपात कहवा ओतला. मग आपली जागा घेऊन, पाठ ताठ करून, गंभीर आवाजात त्याने विचारलं, "शी उलूम?"

म्हणजे, काही खबर? या गावांतली ती रीत आहे. पाहुण्याने आल्या आल्या आपलं घोडं दामटायचं नाही. यजमान खबर विचारतो, आणि पाहुणा म्हणतो, 'मा शी', काही नाही. घराला आग लागलेली असली तरी आधी मा शी. पुन्हा विचारलं की पुन्हा मा शी. तिसऱ्यांदा विचारलं की मग पोटातलं बाहेर काढायची मोकळीक, असं खलफाननेच त्याला पूर्वी शिकवलं होतं. लेस्टर परका असूनही ही रीत पाळतो याचं म्हाताऱ्याला भारी कौतुक होतं.

"मा शी," लेस्टर म्हणाला.

"शी उलूम, शी अखबार?"

"मा शी, वालिद. सलामत."

खलफानने खजुराची बशी पुढे सरकवली, आणि तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी हळू. अनवाणी आलेल्या माणसाकडे काहीतरी असणार, हे त्यालाही दिसत होतंच. "शी उलूम, रूमी?"

आता बोलायचं होतं. लेस्टरने म्हाताऱ्याचे हात पाहिले. दोन्ही धड, सगळी बोटं जागच्या जागी. डोळे दोन्ही चमकताहेत. एक बार उडाला आणि काही झालं नाही. मग कशाला? कशाला या आनंदावर पाणी ओतायचं? पाकिटं गुपचूप परत घेतली की झालं.

"मा शी," तो म्हणाला.

खलफानने मान डोलावली, आणि बोलणं पुन्हा टर्कीवर गेलं. जरा वेळाने लेस्टर म्हणाला, "वालिद, ती पाकिटं मला परत द्या. कंपनीने मागवलीत. दुसरी आणून देतो."

"इतका चांगला माल परत मागतात? मग तर मी मुळीच देत नाही." खलफान खुशीत होता. "कंपनीला सांग, खलफानने सगळी उडवली. आणि उडवणारच. तो थोराड नर अजून बाकी आहे. तो येतो परत, याच झाडावर. डावी नळी भरलेलीच ठेवलीय मी."

डावी नळी भरलेली. लेस्टरची नजर बुंध्याकडे गेली आणि तिथेच अडकली.

"ऐक," म्हातारा उठत म्हणाला. "इतकी वर्षं तू आम्हाला काडतुसं निवडून देतोस आणि स्वतः एक बार काढलेला नाहीस. बाजार तुला हसतो ते मला आवडत नाही. आज तू माझा पाहुणा. तो नर तुझा."

त्याने बंदूक उचलली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून लेस्टरपुढे केली. पाहुण्याला आपल्या बापाची बंदूक देणं म्हणजे काय, ते लेस्टरला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणं. त्याने हात पुढे केले. डावा हात नळ्यांखाली गेला, आणि जिथे इतकी वर्षं तेल देताना सपाट पोलाद लागलं होतं तिथे, उजव्या नळीच्या बुडाशी, त्याच्या अंगठ्याला फुगवटा लागला. भरलेल्या गालासारखा.

समोर, घाफच्या शेंड्यावर, पंखांचा फडफडाट झाला. तो थोराड नर आला होता.

"मार," खलफान कुजबुजला. "मान, तूच सांगितलंस. मान."

लेस्टरला बंदूक चटईवर ठेवायचंही भय, धरायचंही भय. "अना गलतान," तो म्हणाला. माझी चूक झाली. अरबीत गलतान म्हणजे चुकलेला. आपल्या मराठीत गलथान म्हणजे कसा ते आपल्याला माहीत आहे. लेस्टरला त्या घटकेला दोन्ही शब्द आपल्यासाठीच घडवलेले वाटले. "वालिद, मी गलतान. हे काडतूस तुमच्या बंदुकीचं नाही. लांब आहे. शहात्तर. मी चुकीचं दिलं. हिच्यातून आता बार काढायचा नाही. कधीच नाही."

खलफानने बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली. ती मधून मोडून उघडली, डाव्या नळीतलं काडतूस उपसून चटईवर टाकलं. उजवीतलं रिकामं टरफल निघेना. त्याने नखाने ओढलं, सुरीच्या टोकाने ओढलं, तेव्हा ते आलं; तोंडाशी कुरतडल्यासारखं, फाटलेलं. मग त्याने नळीवरून बोट फिरवलं. फुगवट्याशी बोट थांबलं, पुढे गेलं, पुन्हा मागे आलं. झाडावरचा नर आवाज करून उडून गेला, आणि दोघांपैकी कुणी वर पाहिलं नाही.

"तुला कधी कळलं?" खलफानने विचारलं.

"दुपारी. जुम्म्याच्या वेळेला."

"हमूदची मावशी माझ्या भिंतीपलीकडे राहते."

"हो."

"हमूदला फोन केला असतास, तर मी बार काढलाच नसता."

"नाही काढला असतात."

"केला नाहीस."

"नाही केला." लेस्टरचे डोळे वाहत होते आणि त्याने ते पुसले नाहीत. "नोकरी जाईल असं वाटलं, वालिद. मुलीचा साखरपुडा आहे."

खलफानने पाकिटं आणून त्याच्या मांडीवर ठेवली. ओरडला नाही. ओरडला असता तर लेस्टरला बरं वाटलं असतं. "बंदूक म्हातारी होती," तो म्हणाला. "लोखंडही थकतं. हमूदने विचारलं तर मी हेच सांगेन. तूही हेच सांग. खलास."

"नको वालिद, मी त्याला खरं—"

"खलास म्हटलं ना. तुझ्या मुलीचं नशीब माझ्या नळीला का बांधू?"

त्याने टर्की पायांना धरून उचलली, आणि दोघं खाली आले. पाटाशी लेस्टरची चप्पल तरंगत एका दगडाला अडकली होती, ती म्हाताऱ्याने काठीने काढून दिली. लेस्टर पिकअपमध्ये बसला, पाकिटं शेजारच्या सीटवर ठेवली आणि इंजिन सुरू केलं. त्याला लवकर, फार लवकर इथून निघायचं होतं.

खलफान खिडकीशी आला. त्याने काचेच्या कडेवर हात ठेवला.

"एक विचारतो, रूमी. मी ती बंदूक तुझ्या हातात दिली, म्हणून तू बोललास. मी ती माझ्याच खांद्याला लावली असती, तर?"

बोललो असतो, हे लेस्टरच्या ओठांवर आलं. पटकन आलं, तयारच होतं. सब ठीक, मा शी, त्याच रांगेतलं. त्याने ते गिळलं, आणि त्याच्या जागी ठेवायला आत काय आहे ते शोधू लागला. इंजिन चालू होतं. म्हातारा हात न हलवता उभा होता.

"ठाऊक नाही, वालिद," शेवटी तो म्हणाला. "खरंच ठाऊक नाही."

खलफानने काचेवरचा हात काढून घेतला.

"आजची ही पहिली खबर दिलीस," तो म्हणाला, आणि टर्की घेऊन घराकडे वळला.